गुन्हेगार ओळखण्याच्या दैवी पद्धती (वऱ्हाड)

मंत्र, अंजन, मंतरलेले तांदूळ, फिरणारा लोटा किंवा अंगात येणारे दैवत यांच्या साहाय्याने चोराचे किंवा खुन्याचे नाव सांगण्याच्या लोकरूढ प्रकारांना गुन्हेगार ओळखण्याच्या दैवी पद्धती म्हणता येईल. हे प्रकार भारतभर व भारताबाहेरही आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार वऱ्हाडाच्या, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. घरातील चोरीच्या बाबतीत या पद्धती कधीकधी फळ देतात आणि त्याची कारणे मानसिक आहेत. त्या यशामुळे मिळालेला लौकिक खुनाच्या किंवा अकस्मात मृत्यूच्या प्रकरणात वापरला जातो, तेव्हा मात्र निरपराध व्यक्तीचा जीव धोक्यात येतो. न्यायालयात अशा कथनाला पुरावा म्हणून स्थान नाही. महाराष्ट्रात अशा अनेक कृतींवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातली आहे.

नावे आणि व्यक्ती

हे काम करणाऱ्याला मराठीत देवऋषी, भगत, मांत्रिक, जाणता अशी निरनिराळी नावे आहेत. त्याच्याकडे जाण्याला 'पाहायला जाणे' किंवा 'विचारायला जाणे' म्हणतात. काय पाहायचे हे बोलून दाखविण्याची गरज नसते. तो बहुधा पूर्णवेळ मांत्रिक नसतो. त्याचा चरितार्थ शेतीवर, मजुरीवर, किराणा दुकानावर किंवा पानठेल्यावर चालतो आणि ठरावीक वारी किंवा अमावास्येला तो लोकांचे पाहतो. 'बुवाबाजीचे दुकान' हा मराठीतील वाक्प्रचार उपहासाचा असला, तरी दुकान आणि दैवी शक्ती यांचे एकाच ओट्यावर नांदणे त्याने अचूक टिपले आहे. गावातील दुकानदाराला कोणाची उधारी थकली, कोणाच्या घरी भांडण झाले, कोण अचानक रोखीने व्यवहार करू लागला हे इतरांच्या आधी कळते. अशा माणसाने डोळे मिटून सांगितलेली गोष्ट बरोबर निघाली, तर तिचे श्रेय देवाला जाते.

मेळघाटातील कोरकू समाजाचा भुमका हा या वर्गात सरसकट मोडत नाही. तो प्रामुख्याने मुठवा देवासारख्या ग्रामदेवतांची पूजा व पारंपरिक उपचार करणारा मानकरी आहे. बाहेरच्या लेखनात त्याला अनेकदा 'मांत्रिक' म्हटले जाते, ते अपुरे आहे.

हाजरात

या पद्धतींपैकी सर्वांत तपशीलवार वर्णन उपलब्ध असलेली पद्धत म्हणजे हाजरात किंवा अंजन पाहणे. तिलाच नखदर्पण असेही म्हणतात. एरंडेल तेलाच्या दिव्याची काजळी तेलात खलून ती लहान मुलाच्या अंगठ्याच्या नखावर किंवा तळहातावर लावतात. मूल पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले, असेल तर अधिक चांगले समजले जाते. जमिनीतील गुप्तधनही पायाळूलाच दिसते, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मंत्र म्हणून झाल्यावर मुलाला त्या काळ्या चकाकत्या ठिपक्यात एकटक पाहायला सांगतात. त्याला आधी झाडू मारणारा, मग पाणी शिंपडणारा भिस्ती, मग बिछायत आणि शेवटी गादीवर बसलेला राजा दिसतो. राजाला प्रश्न विचारले की तो चोर हजर करतो, अशी कल्पना आहे. या 'हजर करण्या'वरूनच पद्धतीचे नाव आले. मूळ शब्द अरबी असून इमादशाही, मुघल आणि निजाम यांच्या दीर्घ अमलामुळे वऱ्हाडी बोलीत जे अरबी-फारसी शब्द रुळले, त्यांच्याच कुळातला तो आहे.

दख्खनमधील मुस्लिम चालीरीतींविषयी जाफर शरीफ यांनी लिहिलेल्या आणि जी. ए. हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणून १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात हाजरातीचे वर्णन आहे. त्यानंतर चारच वर्षांनी एडवर्ड लेन यांनी कैरोमध्ये पाहिलेल्या अशाच प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे काजळीऐवजी तळहातावर शाईचा थेंब होता. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी झाडूवाला आणि राजा यांचा क्रम जवळपास सारखा असावा, हे दृश्यापेक्षा परंपरेच्या प्रवासाचे लक्षण आहे. मुलाला काय दिसायला हवे हे त्याला आधीपासून ठाऊक असते, किंवा विचारणारा ते प्रश्नांतून सुचवीत जातो. 'कोणी आले का? डोक्याला काय बांधले आहे? उंच आहे का?' असे प्रश्न विचारले की मूल हो-नाही करीत एका माणसाचे वर्णन पुरे करते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात जो संशयित असतो, तोच काजळीत उतरतो. यात मांत्रिकाची लबाडी असतेच असे नाही. त्याला स्वतःलाही आपण सुचवीत आहोत याची जाणीव नसू शकते.

लोटा आणि तांदूळ

दोन माणसे लोट्याच्या काठाला बोटांची टोके लावून तो अधांतरी धरतात. संशयितांच्या नावांच्या चिठ्ठ्या एकेक करून त्यात टाकल्या जातात आणि ज्या नावाला लोटा फिरेल तो चोर ठरतो. युरोपात हेच काम कात्री खोचलेल्या चाळणीकडून करून घेत असत. नकळत होणाऱ्या अशा सूक्ष्म स्नायूहालचालींना इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ साली शास्त्रीय नाव दिले. प्लँचेट चालते तेही त्याच कारणाने.

तांदळाची पद्धत अधिक जुनी आहे. संशयितांना ओळीने बसवून मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला देतात आणि ज्याचे तांदूळ ओले होत नाहीत तो दोषी ठरतो. भीतीने लाळ कमी सुटते आणि तोंडाला कोरड पडते, एवढाच यातील शरीरधर्माचा भाग खरा आहे. परंतु कोरड दोषाने पडते तशी बदनामीच्या धास्तीनेही पडते. गावात आधीच ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, अशा गरीब किंवा परक्या माणसाला निर्दोष असूनही अधिक भीती वाटते.

चोरी आणि खून यांतील फरक

या पद्धतींना काही यश मिळते हे नाकारण्याचे कारण नाही. 'चोराच्या मनात चांदणे' ही मराठी म्हण त्याचे कारण सांगते. घरातील दागिना हरवला, मांत्रिकाला बोलावले आहे असे जाहीर झाले आणि अमावास्येनंतर चोराला रक्ताची उलटी होईल असे सांगितले गेले, की दागिना पुष्कळदा रात्रीतून उंबऱ्यावर किंवा धान्याच्या कणगीत सापडतो. बिरबलाच्या प्रसिद्ध गोष्टीतही हेच घडते. चोराची काठी बोटभर वाढेल असे सांगताच खरा चोर आपली काठी बोटभर कापून ठेवतो. गोष्टीत जादू काठीत नसते, ती आहे असे चोराला वाटण्यात असते.

खुनाचे तसे नाही. चोरीचा माल परत ठेवता येतो, त्यामुळे भीतीला सुटकेची एक वाट असते. मृत माणूस परत ठेवता येत नाही. मारेकऱ्याला गप्प राहण्यावाचून गत्यंतर नसते आणि मांत्रिकाची धमकी त्याच्यावर चालत नाही. उरते ते फक्त नाव सांगणे, आणि ते नाव तपासून पाहण्याचे कोणतेही साधन मांत्रिकाकडे नसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळदा खून झालेलाच नसतो. सर्पदंश, ताप, कुपोषण किंवा विषबाधेने झालेल्या मृत्यूचे कारण विचारायला कुटुंब जाते आणि 'कोणीतरी करणी केली' असे उत्तर घेऊन परतते. अशा वेळी ज्याचे नाव पुढे येते ती व्यक्ती बहुधा एकटी राहणारी वृद्ध स्त्री, विधवा किंवा बांधावरून वाद असलेला भाऊबंद असते. न घडलेल्या खुनाचा छडा लावताना खरा खून घडतो, तो येथे.

मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका वृद्ध महिलेला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढल्याचे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. ज्यांच्यावर आरोप झाले त्यांत गावचा पोलीस पाटीलही होता. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील गुन्ह्याची व संशयास्पद मृत्यूची खबर पोलिसांना देण्याचे काम याच पदावरील व्यक्तीचे असते.

धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र यांतील विचार

दैवी साक्ष ही प्राचीन भारतीय न्यायव्यवस्थेतही होती. तिला 'दिव्य' म्हणत. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. अन्य स्मृतिकारांनी त्यांत तांदूळ, तापलेला मासा (उकळत्या तुपातून सोन्याचा तुकडा काढणे), नांगराचा फाळ इत्यादींची भर घातली. मराठेशाहीच्या न्यायनिवाड्यांतही 'रवा दिव्य' केल्याच्या नोंदी मिळतात. 'दिव्यातून जाणे' आणि 'अग्निदिव्य' हे शब्द त्याच काळातून आजच्या मराठीत उतरले आहेत.

या व्यवस्थेची एक मर्यादा मात्र सहसा सांगितली जात नाही. लेख, भोग आणि साक्षीदार हे मानवी पुरावे असतील तर दिव्याकडे वळू नये, असा स्मृतींचा दंडक होता. तांदळाचे दिव्य तर चोरीच्या संशयापुरतेच द्यावे, इतर आरोपांत नव्हे, असे स्पष्ट सांगितले आहे. चोरी आणि खून यांतील फरक त्या शास्त्रकारांना कळला होता असे यावरून दिसते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर 'आशुमृतकपरीक्षा' या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकस्मात मेलेल्याचे प्रेत तेल लावून तपासावे, हातपायांची सूज, उघडे डोळे, गळ्यावरील खुणा यांवरून गळा दाबल्याचे ओळखावे, विषाचा संशय असल्यास उरलेले अन्न पक्ष्यांना घालून पाहावे, आणि मृताचे नातेवाईक, नोकर, वैरी व धंद्यातील स्पर्धक यांची चौकशी करावी, असे त्यात सांगितले आहे. मंत्राने खुनी शोधण्याचा सल्ला त्या प्रकरणात नाही. 'आमच्या परंपरेत असेच होते' हा युक्तिवाद म्हणूनच अर्धा खरा आहे.

दुकानदाराची वही

खुनाचा छडा लावण्यात वऱ्हाडातील दुकानदाराचा खरोखरच हात असतो, पण तो निराळ्या अर्थाने. कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या या भागात कीटकनाशक घराघरांत असते आणि संशयास्पद मृत्यूंमध्ये विषाचा प्रश्न वारंवार उभा राहतो. असा मृत्यू आत्महत्येचा असू शकतो, खुनाचा असू शकतो, चुकून पोटात गेल्याने झालेला असू शकतो किंवा फवारणी करताना श्वासावाटे व त्वचेवाटे विष शरीरात गेल्यानेही झालेला असू शकतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा ही शेवटची शक्यता किती मोठी आहे हे राज्याला कळले.

अशा मृत्यूची आधी 'मर्ग' म्हणून नोंद होते. पंचांसमक्ष पंचनामा, शवविच्छेदन आणि व्हिसेरा राखून ठेवणे ही पुढची पायरी असते. अमरावती येथे प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. विष कोणते हे प्रयोगशाळा सांगते, पण ते कोणी आणले हे ती सांगू शकत नाही. तेथे कृषी सेवा केंद्राची बिलवही उपयोगी पडते. कीटकनाशके अधिनियम, १९६८ नुसार विक्रीसाठी परवाना लागतो आणि नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य असतात. केवळ त्यांच्या बळावर कोणाला जबाबदार धरता येत नाही, इतकेच. १९८४ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विषप्रयोगाने खून सिद्ध करण्यासाठी हेतू, विषानेच मृत्यू झाल्याची खात्री, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी अशा चार गोष्टी तपासायला सांगितल्या. तिसरी गोष्ट सिद्ध करायला अनेकदा दुकानदारच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो. मात्र गावात राहून गावातल्या माणसाविरुद्ध साक्ष देणे त्याला सोपे नसते आणि उधारीवर चालणाऱ्या गिऱ्हाइकीत प्रत्येक विक्रीचे बिल फाडले जातेच असे नाही.

मांत्रिकाने सांगितलेले नाव न्यायालयात फार तर ऐकीव गोष्ट ठरते. तज्ज्ञाचे मत म्हणून कायदा विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे इत्यादी विषयांतील मत स्वीकारतो. श्वानपथकाने काढलेल्या मागालाही न्यायालयांनी दुबळा पुरावा मानले आहे. २०१० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय केलेल्या नार्को चाचणी व खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीला मनाई केली. आधुनिक यंत्रांनाही जेथे हा निकष लागतो, तेथे काजळीच्या ठिपक्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एका बाबतीत मात्र मांत्रिकाचे बोलणे खटल्यात महत्त्वाचे ठरू शकते. जादूटोण्याच्या संशयावरून खून झाला असेल, तर हेतू सिद्ध करण्यासाठी सरकार पक्ष ते बोलणे पुढे आणतो.

विरोधाची परंपरा

या समजुतींना वऱ्हाडातून झालेला विरोध बाहेरून आलेला नाही. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गेले. सावकारी कर्जाने घराची होणारी दैना त्यांनी तेथे पाहिली. देवाला बकरा कापणे, नवस, अंगारेधुपारे यांवर ते कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. हाजरात भरविणाराही प्रश्नच विचारतो, पण तेथे उत्तर आधीच ठरलेले असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेही याच जिल्ह्यातील यावलीचे. गुरुकुंज मोझरी येथून त्यांनी खंजिरी भजने व 'ग्रामगीते'द्वारे गावाचे प्रश्न गावाने विचाराने सोडवावेत, हा आग्रह धरला.

नागपूर येथे श्याम मानव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी हे काम संघटितपणे केले. दैवी शक्ती नियंत्रित परिस्थितीत सिद्ध करणाऱ्यास रोख रकमेचे आव्हान देणे, चमत्कारांमागील हातचलाखी सभांत करून दाखविणे, हे त्यांच्या कामाचे ठळक भाग होत.

कायदा

जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी दीड दशकाहून अधिक काळ रेंगाळली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे डॉ. दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने अध्यादेश काढला. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि २० डिसेंबर २०१३ रोजी, योगायोगाने गाडगे महाराजांच्या पुण्यतिथीला, त्यास मंजुरी मिळाली. 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३' असे त्याचे लांबलचक नाव आहे.

अधिनियमाच्या अनुसूचीत १२ कृती दिल्या आहेत. गुन्हेगार ओळखण्यासाठी हाजरात भरविणे असा वेगळा उल्लेख त्यांत नाही. तथाकथित चमत्कारांनी लोकांना फसविणे व पैसे मिळविणे, अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून भीती घालणे, आणि एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटविते किंवा रोगराईला कारण होते असे जाहीर करणे, या नोंदींखाली हे प्रकार येऊ शकतात. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षकाहून कमी दर्जाचा नसावा अशी तरतूद आहे.

कीर्तन, प्रवचन, वारी यांप्रमाणेच ज्योतिष, नंदीबैलवाल्यांचे भविष्य आणि पाणाड्याने जमिनीखालचे पाणी सांगणे हे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्यामुळे चोराचे नाव मंत्राने सांगितले की पत्रिकेने, असा प्रश्न व्यवहारात उभा राहू शकतो. नाव घेतल्या गेलेल्या व्यक्तीला मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच भोगावा लागतो.

साहित्यात

छोट्या गावात चहाचे, पुस्तकांचे किंवा वनौषधींचे दुकान चालविणारी आणि अंगच्या जादूने खुनांचा छडा लावणारी नायिका हा अलीकडच्या इंग्रजी लोकप्रिय कादंबरीचा एक रुळलेला प्रकार आहे. मराठीत रहस्यकथा आणि गूढकथा या दोन वाटा बहुतांशी वेगळ्या राहिल्या. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळा पहाड मुंबईसारख्या शहरात बुद्धी आणि धाडस यांवर चालतात, तर नारायण धारप यांचा 'समर्थ' अमानवी शक्तींचा सामना अलौकिक सामर्थ्याने करतो.